इंग्रजी कादंबऱ्यांतलं स्वातंत्र्य आपल्या गावात कधी पोचलं?

पऱ्हाटी (धागाकर्ता) · १२ ऑगस्ट, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. बी.ए. फायनलला राजा राव यांची 'कांथापुरा' लागली आहे. पटावर अडतीस पोरं, वर्गात अकरा. निंदण सुरू असलं की सात. मूळ पुस्तकं चार, त्यांतलं एक माझं. बाकी सगळा कारभार गाईडच्या झेरॉक्सवर.

कादंबरीत अचक्का नावाची म्हातारी कर्नाटकातल्या तिच्या गावाची हकीकत सांगते. मूर्ती नावाचा शिकलेला पोरगा गावात गांधी आणतो. हरिकथेच्या रात्री देवाच्या गोष्टीत गांधीची गोष्ट मिसळते. मग चरखे, कॉफीच्या मळ्यावरचे मजूर, ताडीच्या बनावरचा सत्याग्रह, लाठ्या, आणि शेवटी गावच उजाड. हे सांगत होतो तर मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "सर, हे तर आमच्या खंजेरी भजनासारखंच आहे. माझी आजी तुकडोजी महाराजांचं असंच सांगते." मी खूश. पुढच्याच वाक्याला तिनं विकेट घेतली: "मग आपल्या इकडचं कोणीच नाही लिहिलं का सर, इंग्रजीत?"

पंधरा वर्षं शिकवतोय, मला हा प्रश्न पडला नव्हता. घरी येऊन कपाट उपसलं. खुशवंतसिंगांची 'ट्रेन टू पाकिस्तान' (१९५६), माळगावकरांची 'अ बेंड इन द गँजेस' (१९६४), चमन नहालांची 'आझादी' (१९७५), रश्दींची 'मिडनाइट्स चिल्ड्रन' (१९८१), अमिताव घोषांची 'द शॅडो लाइन्स' (१९८८). एकेक चाळत गेलो. माझं मत असं झालं की या कादंबऱ्यांत स्वातंत्र्य दोनच वाटांनी येतं. एक तर मोठ्या शहरात रात्री बाराच्या ठोक्याला, नाहीतर पंजाब-बंगालात रक्त सांडत. जिथं ना राजधानी होती ना फाळणीची रेघ, तिथं काय झालं?

माझी आजी सांगायची, "स्वराज्य आलं त्या साली कंट्रोलचं लुगडं भेटलं. जाडभरडं. धुतलं की उभं राहायचं." एवढंच. तिच्या लेखी स्वातंत्र्य म्हणजे ते लुगडं.

तुम्ही काय वाचलंय? खेड्यातून वाचताना या कादंबऱ्या खऱ्या वाटतात का?

तर्रीपोहे · १२ ऑगस्ट, रात्री १०.०५

सर, 'मिडनाइट्स चिल्ड्रन' विदर्भात घडूच शकत नाही. तिचा हीरो १५ ऑगस्टला बरोब्बर रात्री बारा वाजता जन्मतो, पंतप्रधान त्याला पत्र पाठवतात. आमच्या गावातले सगळे म्हातारे १ जुलैला जन्मलेत. हेडमास्तरांनी शाळेत नाव घालताना लिहिलेली तारीख. माझे तिन्ही काका १ जुलैचे, त्यातले दोन एकाच वर्षाचे आणि जुळे नाहीत.

खारपाणपट्टा · १२ ऑगस्ट, रात्री १०.३०

लय दिवसानं कामाचा धागा आला राज्याहो.

मीठ म्हटलं की लोकायले दांडी आठोते. समुद्र नाई तं मिठाचा सत्याग्रह कसा कराव? आमच्याइकडं केला ना बाप्पा. दहीहांडा, अकोला जिल्हा, १९३०. आमच्या पट्ट्यात विहिरीचं पानीच खारं, डाळ शिजत नाई त्यात. ज्या पान्याले आमच्या बाया जलमभर शिव्या देत आल्या, त्याच पान्याचं मीठ काहाडून सरकारचा कायदा मोडला. यवतमाळकडं खारं पानी नाई पन जंगल होतं, तं पुसदले लोकनायक बापूजी अण्यायनं गवत कापलं. १० जुलै १९३०. गवत कापलं म्हनून जेल!

आता सांगा, गवत कापल्यापायी जेलात गेलेला मानूस इंग्रजी कादंबरीत टाकला तं लंडनातला वाचक हासन का रडन?

सदाशिव_नसलेला · १३ ऑगस्ट, सकाळी ७.१५

पुण्याहून लिहितोय, आधीच सांगतो, मारू नका.

दोन मुद्दे. एक, 'कांथापुरा' १९३८ची. स्वातंत्र्याच्या नऊ वर्षं आधीची, आणि लेखक तेव्हा फ्रान्समध्ये. मुल्कराज आनंदांची 'अनटचेबल' तर १९३५ची. ही पुस्तकं स्वातंत्र्यानंतरच्या कादंबऱ्यांच्या रांगेत बसवता येणार नाहीत. मूर्तीला शेवट माहीत नाही, 'मिडनाइट्स चिल्ड्रन'च्या सलीम सिनाईला माहीत आहे. पहिल्याची गोष्ट आशेची होते, दुसऱ्याची हिशेब मागण्याची. हा फरक वर्गात जरूर सांगा.

दोन, कादंबरी म्हणजे गॅझेटियर नव्हे. 'आमचा तालुका का नाही' ही तक्रार घेऊन गेलात तर कोणतीच कादंबरी उत्तीर्ण होणार नाही. रश्दींचा निवेदक गांधीहत्येची तारीखच चुकवतो, आणि चुकवल्याचं कबूलही करतो. त्याला इतिहास सांगायचा नाहीये, आठवण कशी खोटं बोलते ते सांगायचंय.

तर्रीपोहे · १३ ऑगस्ट, सकाळी ७.२२

तारीख चुकवून कबूल करतो म्हणजे आमच्या हेडमास्तरांपेक्षा बराच.

झाडीपट्टी · १३ ऑगस्ट, दुपारी १.५०

सदाशिवजी, तालुका का नाही हा प्रश्न तुम्हाला बारका वाटला, कारण तुमचा तालुका सगळीकडं असतो. राग नाही, सांगून ठेवलं.

मी चिमूरजवळचा. आमच्याकडं १५ ऑगस्टपेक्षा १६ ऑगस्ट मोठा. १९४२ साली त्या दिवशी चिमूरला, आणि त्याच दिवशी तिकडं वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीलाही, लोक उठले. नागपंचमी होती. माझा आजा सांगायचा की हे सगळं नागपंचमीमुळं झालं. त्या दिवशी जमिनीला लोखंड लावत नाहीत, चिखलणी बंद, म्हणून भाताची रोवणी सोडून सगळे गावात होते. आदल्या दिवशी असतं तर अर्धे लोक बांधीत वाकलेले असते. त्याचं म्हणणं खरं की खोटं, ठाऊक नाही. पण असं कारण कोणत्या इतिहासाच्या पुस्तकात येणार? ते कादंबरीतच यायचं.

तुकडोजी महाराजांची भजनं आधीच घुमत होती. झाडं शस्त्रं होतील, दगडांचे बॉम्ब होतील, अशी. पोलिसांच्या गोळीबारात बालाजी रायपूरकर गेले. लोकांनी सरकारी अधिकारी मारले. मग फौज आली आणि तिनं बायांवर जे केलं ते आमच्या घरात कोणी पूर्ण वाक्यात कधी सांगितलं नाही. आजा तिथं आला की सुपारी कातरायला लागायचा. गांधींच्या आश्रमातले भन्साळी गुरुजी त्यासाठी ६३ दिवस उपाशी राहिले. फाशीच्या शिक्षा झाल्या, त्या पुढं १९४५ मध्ये जन्मठेपेवर आल्या.

आजा काही वीर नव्हता. फौज आली तेव्हा चार दिवस बांधीतच राहिला. चिखलात उभं राहून पायाची बोटं सडली होती. डाव्या पायाचं करंगळीचं नख पुन्हा आलंच नाही, लहानपणी आम्ही ते बोट पाहायला मागायचो.

पऱ्हाटी सर, अशी कादंबरी इंग्रजीत मलातरी सापडली नाही. नसण्याचं एक कारण मला वाटतं ते असं. या गोष्टीत गांधीबाबांचा आश्रम वर्ध्याला, म्हणजे अगदी शेजारी, आणि लोक त्यांचं नाव घेऊन मारतात. सरळ लिहिणं अवघड आहे. हुतात्मा लिहिणं सोपं.

पऱ्हाटी · १३ ऑगस्ट, दुपारी २.३०

झाडीपट्टी भाऊ, हे उद्या वर्गात वाचून दाखवू का? नाव घेणार नाही.

झाडीपट्टी · १३ ऑगस्ट, दुपारी २.३४

दाखवा ना जी. नखाचंही सांगा.

सदाशिव_नसलेला · १३ ऑगस्ट, दुपारी ३.१०

झाडीपट्टी, मान्य. नागपंचमीचा मुद्दा तर कुठल्याही कादंबरीकाराला हेवा वाटेल असा आहे.

मात्र 'नाव गांधींचं आणि हात हिंसेचा' हे इंग्रजीत अगदीच आलं नाही असं नाही. माळगावकरांच्या 'अ बेंड इन द गँजेस'चा विषयच तो. सुरुवातीला विदेशी कापडाची होळी, एकीकडं अहिंसेची शपथ घेणारा ज्ञान, दुसरीकडं क्रांतिकारक देबीदयाळ, आणि दोघांचीही गाठ पडते अंदमानात. माळगावकर आपलेच, बेळगावकडचे. ही कादंबरी आज कुणी वाचत नाही याचं वाईट वाटतं.

वावर_विकणे_नाही · १३ ऑगस्ट, सायंकाळी ६.२०

कापडाची होळी निघाली म्हणून लिहितो. मी इंग्रजी कादंबऱ्या मूळ भाषेतून वाचत नाही, पोरीनं दोन-तीन वाचून सांगितल्या. स्वतः कापसाचा कास्तकार.

माझं एवढंच म्हणणं की प्रत्येक गोष्टीत कापड जळतं, कापूस कुठं दिसत नाही. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी झाली, तिकडचा कापूस अडला, तेव्हा मँचेस्टरला वऱ्हाड आठवलं. रेल्वे कशासाठी आली, खामगावची बाजारपेठ कशावर फुगली, सगळं कापसावर. ज्या परदेशी कापडाची होळी झाली त्यात आमच्या वावरातलाही धागा असेल. ते वेचणारी बाई सकाळी दवात ओटी बांधून जायची, बोंडाच्या काट्यानं बोटं फाटायची. आजही फाटतात. ती गांधींच्या सभेला गेली असेल तर मजुरी बुडवून गेली असेल. ही बाई कोण्या कादंबरीत आहे का, असेल तर सांगा, पोरीकडून वाचून घेईन.

उन्हाळी_मूग · १३ ऑगस्ट, सायंकाळी ६.४५

काका, नाव काय घेतलंय! एक नंबर.

निळी_शाई · १३ ऑगस्ट, रात्री ८.५५

जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. धागा कालपासून वाचतेय, लिहू की नको करत होते.

'अनटचेबल'मधला संडास साफ करणारा बखा दिवसभर शिव्या आणि थप्पड खाऊन संध्याकाळी गांधींच्या सभेला जातो. शेवटी त्याच्यापुढं तीन वाटा ठेवल्यात: मिशनरी, गांधी, आणि फ्लशचा संडास. मी एम.ए.ला असताना सरांनी विचारलं, "यातली कोणती योग्य?" मी म्हटलं, "सर, चौथी कुठं आहे?" कादंबरी १९३५ची. महाडचं पाणी १९२७ सालचं. बाबासाहेबांचं नाव बखाच्या कानावर घालायला लेखकाला आठ वर्षं पुरली नाहीत.

'कांथापुरा'तला प्रसंग सगळे गाळतात, म्हणून सांगते. मूर्ती रचण्णाच्या घरी जातो. अस्पृश्याच्या उंबऱ्याआत पहिल्यांदा. त्याला दूध देतात. तो अडखळतो, घोटभर कसंबसं घेतो. राजा राव यांचं कौतुक एवढ्यासाठी की त्यांनी ते अडखळणं लपवलं नाही. पण गोष्ट अचक्का सांगते, ती बामणाची म्हातारी. दूध देणारीला काय वाटलं ते आपल्याला कधीच कळत नाही. गाव बोलतं म्हणतात ते कोणत्या आळीतून बोलतं ते बघा.

आता तुमच्या चिमूरच्या गोष्टीला माझं एक जोडपान. वर्ध्याला काँग्रेस कार्यसमितीनं 'चले जाव'चा ठराव केला १४ जुलै १९४२ला. त्याच आठवड्यात, १८ ते २० जुलैला, नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन तिथं स्थापन झालं. वर्धा-नागपूर अंतर किती? पॅसेंजरनं दोन तास. एका बाजूला इंग्रजांनी जावं म्हणून ठराव, दुसऱ्या बाजूला, ते गेल्यावर आमचं काय, हा सवाल. माझ्या मायच्या मोठ्या काकाला दोन्हीचं आमंत्रण होतं म्हणे, तो नागपूरच्या गाडीत बसला. मला कादंबरी पाहिजे ती त्या स्टेशनावरची.

वावर_विकणे_नाही · १३ ऑगस्ट, रात्री ९.३०

ताई, एकदम बरोबर. आमच्या गावातही १५ ऑगस्टला एकाच ठिकाणी झेंडा लागायचा असं नव्हतं.

सदाशिव_नसलेला · १३ ऑगस्ट, रात्री ९.४१

'गाव कोणत्या आळीतून बोलतं' हे मी उचलून ठेवतोय. नाव देऊन वापरेन. 'अनटचेबल'च्या शेवटच्या प्रसंगात फ्लशची बाजू मांडणारा तो कवीच सर्वांत जास्त आत्मविश्वासानं बोलतो, याचं मला आता हसू येतं.

तर्रीपोहे · १३ ऑगस्ट, रात्री १०.००

'मिडनाइट्स चिल्ड्रन' काल रात्री पुन्हा उघडली. सलीमची सायकल उतारावरून सुटते आणि थेट भाषिक मोर्च्यात घुसते, मग दंगल, मग मुंबई राज्याचे तुकडे, सगळं त्याच्या सायकलीमुळं. बरं. तर १ नोव्हेंबर १९५६ला आमचं नागपूर राजधानीवरून उतरलं ते कोणाच्या सायकलीमुळं? फाजल अली आयोगानं तर १९५५ला वेगळा विदर्भ सुचवला होता…

उन्हाळी_मूग · १३ ऑगस्ट, रात्री १०.०३

झालं. सुरू.

खारपाणपट्टा · १३ ऑगस्ट, रात्री १०.११

सायकल पुन्याची असन.

मंडळ_सहायक · १३ ऑगस्ट, रात्री १०.२०

वेगळ्या विदर्भासाठी स्वतंत्र धागा आहे, ३१२ प्रतिसादांवर कुलूप लावलेला. इथं कादंबऱ्या.

मामा_तलाव · १४ ऑगस्ट, सकाळी ६.३०

भंडारा जिल्हा. कुलुपाची भीती दाखवली म्हणून विषयात राहतो.

विक्रम सेठ यांच्या 'अ सुटेबल बॉय'चा (१९९३) उल्लेख कोणी केला नाही. जाडजूड आहे म्हणून असेल. ती स्वातंत्र्याच्या रात्रीची नाही, पण मला सगळ्यात जवळची तीच वाटली. काळ १९५१-५२चा, पहिली निवडणूक, जमीनदारी जाण्याचा कायदा. स्वातंत्र्य आमच्या गावात खरं तेव्हा आलं. वऱ्हाडात रयतवारी होती, पण इकडं नागपूर-भंडारा-चांद्याकडं मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी. ती १९५०च्या कायद्यानं गेली.

आमचं घर मालगुजाराचं. लाज वाटून लिहितोय असं नाही आणि मिरवायलाही नाही. आजोबा नुकसानभरपाईचा कागद फडक्यात बांधून ठेवायचे, सणाला काढून वाचायचे, पुन्हा बांधायचे. सेठ यांच्या कादंबरीतला बैतारचा नवाब वाचताना मला ते फडकं दिसलं.

पण एक गोष्ट तिच्यात नाही, ती आमच्याकडची. मालगुजारीबरोबर तलावही सरकारजमा झाले. माजी मालगुजारी तलाव, लोक मामा तलाव म्हणतात. पूर्वी पाळ फुटली की मालगुजार बेगारीवर लोक जुंपायचा. अन्याय होता, गावच्या बाया त्या बेगारीची गाणी म्हणतात, त्यात आमच्या घरावर शिव्या आहेत. कायदा आला, बेगार गेली. आणि गाळ काढायला माणूसही राहिला नाही. आमच्या तलावात माझ्या लहानपणी म्हैस पोहायची, आता मार्चात पोट्टे क्रिकेट खेळतात. स्वातंत्र्य चांगलं झालं की वाईट झालं असं या तलावाला विचारून चालत नाही. बेगार गेली हे चांगलंच झालं. तलावही गेला.

निळी_शाई · १४ ऑगस्ट, सकाळी ७.०५

मामा तलाव, ती बेगारीची गाणी तुम्हाला येतात का? लिहून पाठवाल? शिव्यांसकट.

मामा_तलाव · १४ ऑगस्ट, सकाळी ७.१८

दोन येतात. आई समोर नसताना लिहितो.

वैनगंगा_पार · १४ ऑगस्ट, दुपारी १२.४०

पऱ्हाटी सरांनी लिहिलं की इथं फाळणीची रेघ नव्हती. एक दुरुस्ती. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा-चामोर्शीकडं या. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना दंडकारण्याच्या या पट्ट्यात जमिनी मिळाल्या. रेघ तिकडं ओढली, तिचं दुसरं टोक आमच्या जंगलात आलं.

आमच्या शेजारी एक आजोबा आहेत. मराठी फाडफाड बोलतात, शिव्या झाडीबोलीत देतात, मासळी मात्र त्यांच्याच पद्धतीची. 'देशी जाऊन आलो' म्हणाले तर समजायचं स्वप्नात खुलन्याला जाऊन आले. घोषांची 'द हंग्री टाइड' (२००४) मी त्यांना थोडक्यात सांगितली. सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर दंडकारण्यातल्या छावण्यांतून गेलेले लोक बसले, १९७९मध्ये सरकारनं त्यांना हुसकावलं, माणसं मेली. आजोबा जाळं विणत होते. हात थांबला. म्हणाले, "पुस्तकात आलं का ते?" मग विचारलं, "आम्ही गेलो नाही, आमचंबी आलं का?"

मला उत्तर देता आलं नाही.

सदाशिव_नसलेला · १४ ऑगस्ट, दुपारी १.३०

…यावर काय लिहिणार.

ओली_पार्टी_सुकी_भेळ · १४ ऑगस्ट, दुपारी ४.१५

इतक्या गंभीर धाग्यात घुसतोय, माफी. आर. के. नारायण कोणी वाचत नाही का? 'वेटिंग फॉर द महात्मा' (१९५५). श्रीराम नावाचा आळशी पोरगा, आजीच्या जिवावर जगणारा, भारती नावाच्या पोरीच्या मागं लागून स्वातंत्र्यलढ्यात शिरतो. गावोगाव भिंतींवर इंग्रजीत 'भारत सोडा' रंगवत हिंडतो आणि त्याची तक्रार काय, तर 'क्यू' हे अक्षर रंग फार खातं! शेवटी दिल्लीत ३० जानेवारी १९४८. हसवत हसवत नेतो आणि तिथं आणून सोडतो.

माझ्या मते सगळ्यांत खरी हीच. लढ्यात किती लोक पोरीच्या मागं गेले असतील याचा हिशेब कोणी देत नाही.

झाडीपट्टी · १४ ऑगस्ट, दुपारी ४.४०

आमच्या आज्याचं लग्न आधीच झालं होतं.

खारपाणपट्टा · १४ ऑगस्ट, सायंकाळी ५.०५

'चले जाव' देवनागरीत लिवलं असतं तं रंग वाचला असता.

उन्हाळी_मूग · १४ ऑगस्ट, सायंकाळी ७.३०

मला भाषेवर बोलायचंय. राजा राव प्रस्तावनेत म्हणतात की परक्या भाषेत आपला भाव उतरवायचा, आणि प्रत्येक गावाला आपलं स्थळपुराण असतं. त्यांनी इंग्रजी वाकवून कन्नड म्हातारीच्या श्वासाची केली, 'आणि… आणि…' करत वाक्य पानभर चालतं. वऱ्हाडीचं असं करता येईल का? 'मी येऊन रायलो' याचं इंग्रजी केलं की निव्वळ 'येतोय' उरतं. त्यातलं 'रायलो' कुठं जातं? तो माणूस अजून घरून निघालाच नाहीये हे इंग्रजाला कसं कळणार!

उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) घ्या. कौतिक बोलते ती बोली काढली तर मागं काय राहील? तिच्यात स्वराज्याचा जयघोष नाही, पोटाची आग आहे. मला तर वाटतं, १९४७ नंतर गावात काय झालं हे पाहायचं तर ती वाचावी.

सदाशिव_नसलेला · १४ ऑगस्ट, रात्री ८.००

'धग' चं नाव आधी यायला हवं होतं. पण मूळ प्रश्न इंग्रजीचा होता, आणि त्यावर खुशवंतसिंगांची साक्ष काढतो. त्यांच्या मनो माजरा गावात लोक गाड्यांच्या वेळेवर उठतात-झोपतात. शहरातून आलेला शिकलेला इक्बाल त्यांना स्वातंत्र्य समजावू लागतो, तर गावकरी म्हणतात की स्वातंत्र्य शिकलेल्यांसाठी. आधी इंग्रजांचे गुलाम होतो, आता शिकलेल्यांचे होऊ. १९५६ साली, इंग्रजीत, इतकं सरळ लिहिलंय. म्हणजे इंग्रजी कादंबरीला खेडं दिसत नव्हतं असं नाही. पऱ्हाटी सरांच्या आजीचं कंट्रोलचं लुगडं त्या गावकऱ्यांच्या शेजारी सहज बसेल.

पहिल्या दिवशी 'गॅझेटियर नव्हे' म्हणालो होतो. ते अजूनही म्हणतो. पण नागपंचमी, नख, नागपूरची गाडी, तलाव हे गॅझेटियरमध्ये सापडत नाही, हेही तितकंच.

पऱ्हाटी · १६ ऑगस्ट, सायंकाळी ५.५०

मंडळी, दोन दिवस झेंडावंदन आणि कॉलेजच्या कार्यक्रमात गेले. आज वर्गात चिमूरचं वाचून दाखवलं. नऊ जण होते. नखाच्या जागी सगळे गप्प झाले. निळी शाई ताईंचा दुधाचा मुद्दा फळ्यावर घेतला, त्यावर दोन पोरांचं चांगलंच वाजलं. तास संपल्याचं कोणाला कळलं नाही. पंधरा वर्षांत दुसऱ्यांदा.

वैनगंगा पार यांची दुरुस्ती मान्य. रेघ इथंही आहे.

त्या मागच्या बाकावरच्या पोरीनं एक वही आणली. आजीला विचारून चार पानं लिहिलीत, आधी बोलीत, मग इंग्रजीत करून पाहिलं. अडली ती 'रोवणी'वर. डिक्शनरीतला शब्द तिला सापडला होता, पण म्हणाली, "सर, यात चिखल नाही येत." मी म्हटलं, मग 'रोवणी'च ठेव, राजा राव यांनीही ठेवले आहेत त्यांचे शब्द. तिनं विचारलं, "त्याचे मार्क कापत नाहीत?"

तर्रीपोहे · १६ ऑगस्ट, सायंकाळी ६.०२

पेपरात यातलं काही येणार का सर?

पऱ्हाटी · १६ ऑगस्ट, सायंकाळी ६.०४

नाही. 'मूर्तीचे व्यक्तिचित्रण करा', दहा मार्क. दरवर्षी तेच.

मामा_तलाव · १६ ऑगस्ट, रात्री ८.२५

सर, माझ्याकडं 'कांथापुरा'च्या दोन प्रती आहेत, एक वाळवीनं कडेला खाल्लेली पण वाचता येते. परवा भाचा तुमच्याच बाजूला यायचा आहे, त्याच्या हाती देतो. स्टँडवर कोणाला उभं करायचं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. निळी शाई ताई, गाणी लिहून झाली, त्याच पिशवीत टाकतो. आईनं पाहिलं. म्हणाली, तिसरंही लिही, तुला येत नाही ते, मी सांगते.